तळ्यापर्यंत एकट्याने, शिखरापर्यंत सावकाश

चालणे फलटणकरांना शिकवावे लागत नाही. दरवर्षी ज्येष्ठ-आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव करत ती फलटणला मुक्कामाला पोहोचते आणि पुढे बरड, नातेपुतेमार्गे पंढरीकडे जाते. त्या दिवसांत लाखो पावले या रस्त्यावरून जातात. पण वारीचे चालणे संगतीचे असते. दिंडीत कुणाला भोवळ आली, तर दहा हात पुढे येतात. वारी संपली की उरलेले अकरा महिने मात्र बहुतेकांचे चालणे घर ते दुकान आणि दुकान ते दुचाकी एवढ्यावर येते.

या अकरा महिन्यांसाठी एक छोटा उपाय फलटणपासून चाळीस किलोमीटरच्या आत आहे. शंभू महादेवाच्या डोंगररांगेतील शिखर शिंगणापूर हे माण तालुक्यातील गाव. देवस्थान म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. भोसले घराण्याचे हे कुलदैवत. गावाजवळचा मोठा तलाव शिवरायांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी बांधल्याचे सांगितले जाते. पाण्याची चणचण असलेल्या या डोंगरावर येणाऱ्या भाविकांची तहान भागावी, हा त्यामागचा हेतू. खाली तळे आणि वर मंदिराचे शिखर, असा सकाळच्या दीड-दोन तासांत सहज होणारा हा फेरफटका आहे. एखाद्या रविवारी एकट्याने तो केला, तर शरीराचे आणि मनाचे काय होते? आणि एकटे जाताना कोणती काळजी घ्यायला हवी?

समजा, पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ आहेत. बाजारपेठेत दुकान आहे, दिवसाचे दहा तास गल्ल्यावर बसणे आहे. दोन वर्षांपासून साखर वाढलेली असून गोळी सुरू आहे. डॉक्टर प्रत्येक वेळी ‘चालत जा’ म्हणतात. सोबत यायला कुणाला वेळ नाही, म्हणून ते आजवर राहिले. आज ते एकटेच निघाले आहेत. असे गृहस्थ प्रत्येक गल्लीत सापडतील. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जवळपास निम्मे प्रौढ भारतीय पुरेशी हालचाल करत नाहीत. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे.

पहिली दहा मिनिटे

तळ्याच्या बाजूने चालायला सुरुवात केली की पहिली काही मिनिटे जड जातात. थोडा दम लागतो, पोटऱ्या ताठ वाटतात. ‘आपल्याच्याने होणार नाही’ असे वाटण्याची हीच वेळ. प्रत्यक्षात शरीर या वेळी आपली व्यवस्था बदलत असते. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलते आणि त्यातला पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी स्नायूंना मिळतो. चालू लागल्यावर पोट आणि आतड्यांकडचा प्रवाह कमी होऊन पायांकडचा वाढतो. स्नायूंतील रक्तवाहिन्या रुंदावतात, श्वास खोल होतो. हा बदल पुरा व्हायला पाच ते दहा मिनिटे लागतात. म्हणून गाडीतून उतरताच थेट पायऱ्यांना भिडण्यापेक्षा आधी तळ्याकाठी सपाटीवर चालून घेणे शहाणपणाचे. पोटभर नाश्ता करून लगेच चढू नये, असे जुनी माणसे सांगतात. त्यामागेही रक्तपुरवठ्याचा हाच हिशेब आहे.

वेग किती असावा? डॉक्टर एक सोपी खूण सांगतात: चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. एवढा वेग मध्यम समजावा. एकट्याने चालणारा बोलणार कुणाशी, हा प्रश्न खराच. त्यावर उतारा असा की, दर काही मिनिटांनी एखादे पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे. नामस्मरण करणाऱ्यांचे काम तर आपोआप होते. वाक्याच्या मध्येच श्वास तुटला, तर वेग जास्त आहे, हे समजावे.

तळ्याकाठी मनाचे काय होते

एकटे चालणे आणि गप्पा मारत चालणे यांत पायांच्या दृष्टीने फरक नाही, मनाच्या दृष्टीने आहे. गप्पांमध्ये दुकान, घर, राजकारण सोबत येते. एकट्याने पाण्याकाठी चालताना मन सुरुवातीला तेच दळण दळते आणि मग हळूहळू सुटते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१५ साली झालेल्या एका अभ्यासात ३८ जणांना ९० मिनिटे चालायला लावले. काहींना झाडा-गवतातून, काहींना वर्दळीच्या रस्त्याने. निसर्गात चालून आलेल्यांनी त्याच त्या नकारात्मक विचारांत घुटमळणे कमी झाल्याचे सांगितले. मेंदूच्या चित्रणातही त्या विचारांशी संबंधित एका भागाची सक्रियता कमी झालेली दिसली. रस्त्याने चालून आलेल्यांमध्ये तसे आढळले नाही. त्याच विद्यापीठात २०१४ मध्ये झालेल्या दुसऱ्या अभ्यासात चालताना माणसाला नव्या कल्पना बसल्या जागेपेक्षा सरासरी ६० टक्के अधिक सुचल्या.

हे अभ्यास छोटे आहेत आणि परदेशातले आहेत, हेही लक्षात घ्यायला हवे. २०१९ मध्ये इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून असे दिसले की, आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणारे लोक आपले आरोग्य चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात. ही दोन तासांची वेळ एकाच दिवशी मिळाली काय किंवा तुकड्यांनी मिळाली काय, फरक पडला नाही. अर्थात, निरोगी माणसे मुळात बाहेर जास्त पडतात, ही शक्यताही त्यात आहे. तरीही रविवारच्या एका सकाळी दोन तास पूर्ण होतात, ही गोष्ट दुकानदारासाठी सोयीचीच.

तळ्याकाठी एक पथ्य मात्र कडक पाळावे. एकट्याने पाण्यात उतरू नये. जुन्या तलावांच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, काठाला गाळ असतो आणि तळाचा अंदाज येत नाही. पाय धुण्यापुरतेही खाली उतरताना हाताला आधार हवा. तलावाचे पाणी न उकळता पिऊ नये.

चढणीचा हिशेब

फलटण शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या थोडे वर आहे, तर शिखर शिंगणापूर सुमारे १,०५० मीटरवर. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. त्या हिशेबाने शिखरावर फलटणपेक्षा तीनएक अंश गारवा मिळतो. एवढ्या उंचीने प्राणवायूत जाणवेल अशी घट होत नाही. त्यामुळे दम लागला तर तो ‘विरळ हवे’चा नव्हे, चढणीचा किंवा प्रकृतीचा असतो.

चढण किती कष्टाची, हे साध्या गणिताने काढता येते. सत्तर किलो वजनाचा माणूस शंभर मीटर उंच चढला की गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ६८,६०० ज्यूल काम होते, म्हणजे जेमतेम १६ किलोकॅलरी. आपले स्नायू इंधनातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामात बदलतात, बाकीची उष्णता होते. म्हणून प्रत्यक्ष खर्च ६५ किलोकॅलरीच्या आसपास जातो. एका पोळीत याहून जास्त ऊर्जा असते. वर जाऊन गरम भज्यांची बशी संपवली, तर हिशेब उलटाच व्हायचा.

पण चढणीचा फायदा कॅलरीत मोजायचाच नसतो. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते रक्तातील साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत ओढून घेऊ शकतात. मधुमेहात इन्सुलिनचे दार कुरकुरते, पण हालचालीने उघडणारे हे दुसरे दार बहुतेकांचे शाबूत असते. शिवाय चालून आल्यानंतर एक-दोन दिवस शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देते. म्हणून रविवारी एकदा शिखर गाठून पुढचे सहा दिवस गल्ल्यावर बसण्याने फारसे साधत नाही. मधल्या दिवशीही अर्धा तास चालावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे ती याचसाठी.

दिवसाला दहा हजार पावलांचे ओझेही डोक्यावर घेण्याचे कारण नाही. हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावातच तो होता. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांच्या अभ्यासात २०१९ मध्ये असे दिसले की, दिवसाला २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचे प्रमाण ४१ टक्के कमी होते. साडेसात हजार पावलांच्या पुढे आणखी फायदा दिसला नाही.

पायऱ्यांचे महत्त्व तर सत्तर वर्षांपूर्वीच कळले होते. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसमधील चालक आणि वाहक यांची तुलना करून १९५३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसभर बसून असलेल्या चालकांपेक्षा, जिन्याने सतत वर-खाली करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला.

उतरणीचे वेगळे फायदे, वेगळे धोके

वर पोहोचले, दर्शन झाले, वाऱ्यात घाम सुकला. आता काम संपले असे वाटते. वास्तविक उतरताना मांडीचे स्नायू वेगळ्या प्रकारे राबतात. चढताना ते आखडत जोर लावतात, उतरताना मात्र लांबत लांबत शरीराला आवर घालतात. ऑस्ट्रियातील संशोधकांनी यावर एक नामी प्रयोग केला. ४५ निरोगी, पण बैठे काम करणाऱ्या लोकांना त्यांनी दोन महिने डोंगर फक्त चढायला लावला आणि खाली रोपवेने आणले. पुढचे दोन महिने उलट, वर रोपवेने आणि खाली पायी. चढण्याने रक्तातील ट्रायग्लिसराइड हा चरबीचा घटक कमी झाला. साखर पेलण्याची शरीराची क्षमता मात्र उतरण्याने सुधारली. वाईट कोलेस्टेरॉल दोन्हींनी कमी झाले. ज्यांना चढताना धाप लागते, त्यांना ‘वर गाडीने, खाली पायी’ हा पर्याय त्यामुळे अगदीच कमीपणाचा नाही.

उतरणीचे दुखणे दुसऱ्या दिवशी कळते. मांड्या भरून येतात, जिना उतरताना ‘आई गं’ निघते. स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे हे होते. एक ते तीन दिवसांत ते सर्वाधिक जाणवते आणि आपोआप ओसरते. पुढच्या खेपेला तेवढेच उतरूनही कमी दुखते. गुडघ्याच्या सांध्यात जुनी झीज असेल, तर उतरताना छोटी पावले टाकावीत आणि काठी वापरावी. काठीने गुडघ्यावरचा भार हलका होतो आणि तोलही राहतो. धाप चढताना लागली, तरी घसरून पडणे उतरताना होते, हे विसरू नये.

एकटेपणाचा खरा धोका

एकटे चालणाऱ्याला लोक साप, कुत्री, चोर यांची भीती घालतात. या गोष्टी आहेतच. या कोरड्या, खडकाळ पट्ट्यात फुरसे, घोणस, नाग आणि मण्यार यांची काळजी घ्यावीच लागते. पायात बूट असावेत, दगडाच्या फटीत हात घालू नये, गवतात काठी आपटत चालावे. दंश झालाच तर धावू नये, जखम कापू नये, आवळपट्टी बांधू नये. तो अवयव शक्यतो हलू न देता मदत बोलवावी आणि सर्पविषावरील प्रतिविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे.

मात्र एकट्या माणसाचा सर्वांत मोठा धोका वेगळा आहे. काही आजारांत आधी विचारशक्तीच मंदावते आणि ती मंदावली आहे, हे ज्याचे त्याला कळत नाही. रक्तातील साखर घसरली की घाम फुटतो, हात थरथरतात, भूक लागते. इथवर कळते. त्यापुढे माणूस चिडचिडा, गोंधळलेला होतो आणि ‘मला काही झालेले नाही’ असे ठामपणे सांगतो. उष्माघाताचेही तसेच. आधी थकवा, डोकेदुखी, मळमळ आणि मग बोलण्यात असंबद्धता. सोबत कुणी असेल, तर ‘अहो, बसा जरा’ म्हणेल. एकट्याला ते म्हणणारे कुणी नसते.

यावर उपाय एकच. निर्णय डोके शांत असताना, घरी, आधी घ्यायचे. उन्हाळ्यात नऊ वाजता मी जिथे असेन तिथून परत फिरणार, मग शिखर चार पायऱ्यांवर का असेना. पाण्याची बाटली निम्मी संपली की मागे वळणार. घाम फुटून हात थरथरले की कारण शोधत न बसता आधी साखर खाणार. असे नियम कागदावर लिहून खिशात ठेवले, तरी कुणी हसू नये. समुद्रात डुबी मारणारे आणि विमान चालवणारेही असेच ठरलेल्या यादीवर भिस्त ठेवतात.

मधुमेहींपैकी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना साखर घसरण्याचा धोका जास्त असतो. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तो कमी असतो. आपली गोळी कोणती, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि चालण्याच्या दिवशी मात्रा बदलायची का, हेही तेच सांगतील. खिशात साखरेची पुडी असावी. तीन चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, खाऊन १५ मिनिटे बसावे. बरे वाटले नाही, तर पुन्हा तेवढीच घ्यावी. बरे वाटल्यावर काहीतरी खाऊन घ्यावे आणि त्या दिवशी पुढे चढू नये. साखर कित्येक तासांनी, रात्रीही घसरू शकते, हे घरच्यांना माहीत असावे.

हृदयाच्या बाबतीत छातीवर दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत दुखणे आणि थंड घाम या खुणा ठाऊक असतात. मधुमेहींमध्ये मात्र कधी कधी दुखत नाही. नेहमीपेक्षा वेगळी धाप, अचानक गळून जाणे एवढेच होते. अशा वेळी ‘एवढी चढण संपवून बसतो’ म्हणू नये. जागेवर बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह वा रक्तदाब असलेल्या आणि बऱ्याच वर्षांनी चढणीला निघालेल्या माणसाने आधी एकदा डॉक्टरांकडून तपासून घेतलेले बरे.

ऊन, पाऊस आणि वेळ

फलटण-माणचा हा भाग पर्जन्यछायेत येतो. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, इकडे त्याच्या दहाव्या हिश्शाइतका. झाडी विरळ, सावली कमी आणि काळा बेसॉल्ट खडक सकाळी दहापासून तापू लागतो. चैत्रात याच उन्हात मुंगी घाटाच्या अवघड चढाने कावडी वर नेल्या जातात. पण तिथे पुढच्याचा हात मागच्याच्या हातात असतो. एकट्याने त्या वाटेचे अनुकरण करू नये. सोपी, वर्दळीची, भाविकांच्या ये-जा असलेली पायवाटच निवडावी. एकट्याने चालू इच्छिणाऱ्या स्त्रियांनाही अशी वाट आणि सकाळची वेळ सोयीची पडते.

सर्वांत चांगला काळ जुलै ते फेब्रुवारी. मार्च ते मे या काळात सूर्योदयाला सुरुवात करून नऊच्या आत खाली यावे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात दुपारनंतर वीज पडण्याचा धोका माथ्यावर अधिक असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप आसपासच्या विजेची सूचना देते. गडगडाट ऐकू आला की माथा सोडून पक्क्या इमारतीत जावे, एकट्या झाडाखाली थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

पाणी किमान एक लिटर, डोक्याला टोपी किंवा उपरणे, सोबत गूळ-शेंगदाणे, चार्ज केलेला फोन. खिशात एका चिठ्ठीवर आपले नाव, आजार, औषधे आणि घरचा क्रमांक. निघताना घरी तीन गोष्टी सांगाव्यात: कुठल्या वाटेने जाणार, किती वाजता परतणार आणि त्यानंतर किती वेळाने शोध घ्यायचा. तळ्याजवळच्या चहाच्या टपरीवर ‘वर जाऊन येतो’ एवढे सांगून गेले, तरी एकटेपणा निम्मा कमी होतो.

आपले दुकानदार गृहस्थ साडेआठला खाली आले. त्यांनी शेवटच्या टप्प्यावर, थोडी धाप वाढली म्हणून, कळसाचे दर्शन खालूनच घेतले. शिखर राहिले, पण साखर, रक्तदाब आणि गुडघे यांना त्याने फरक पडत नाही. त्यांना फरक पडतो तो पुढच्या रविवारी गृहस्थ पुन्हा निघतात की नाही, याने.